खासगी विद्यापीठाच्या कॅम्पसवर सगळ्या मुलांना आपलं वाटावं यासाठी काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात तुम्ही विद्यार्थी कल्याण विभागात नुकतेच रुजू झाला आहात. देशभरातली आणि थोडी परदेशी मुलं आहेत, पण सगळी आपापल्या कंपूत असतात. वरिष्ठांनी ‘डायव्हर्सिटी डे’ सुचवला आहे आणि तेवढ्याने भागेल असं तुम्हाला वाटत नाही. मी अशाच एका विद्यापीठात बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. तुमची शंका रास्त आहे.

तो दिवस जरूर साजरा करा. मुलं हौसेने नटतात, एकमेकांच्या गाण्यांवर नाचतात, त्यात वाईट काहीच नाही. पण एखादी मुलगी कॅम्पसवर रुळणार की नाही हे त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या तीन-चार आठवड्यांत ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरतं फी भरायच्या खिडकीवर, खोलीत आणि मेसमध्ये.

खिडकीपासून सुरू करते, कारण खासगी विद्यापीठात कोण येणार हे आधी फी ठरवते. ९३व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आलं आणि खासगी विनाअनुदानित संस्थांतही कायदा करून आरक्षण ठेवायची मुभा सरकारला मिळाली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैधही ठरवली. तरी केंद्राने २००६ मध्ये जो कायदा केला तो केंद्रीय संस्थांपुरताच. आपल्या राज्यात ८ जुलै २०२४ ला मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ करणारा शासन निर्णय निघाला, त्यातूनही खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली होती. म्हणजे जी सवलत एखादी मुलगी सरकारी कॉलेजात हक्काने मागते, ती आपल्याकडे विद्यापीठाच्या मर्जीवर. त्यामुळे व्यवस्थापनाशी तुमचं पहिलं बोलणं पैशाचंच असू द्या: दर वर्षी किती जागा पूर्ण फी माफ करून भरणार, त्यात मेसचा खर्च धरलाय का, आणि ही माफी दुसऱ्या वर्षी मार्क घसरले तर काढून घेणार का. फी माफ होऊनही मेसच्या पैशांपायी मुली घरी परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

हप्त्यांच्या तारखाही बघा. आमच्याकडे दुसरा हप्ता सप्टेंबरात असायचा. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकरी घरात त्या महिन्यात हातात काही नसतं. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, कापसाचे त्याही नंतर. तो हप्ता डिसेंबरात नेला आणि अकाउंट्सला येणारे विनवणीचे अर्ज बरेच कमी झाले. विद्यापीठाचं यात काहीही गेलं नाही. आणि फी बाकी असलेल्यांची यादी बोर्डावर लावणं, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं ताबडतोब थांबवा. एका मुलीचं नाव असं ग्रुपवर आलं, तर तिने मेसला यायचंच सोडलं. खोलीत चुरमुरे आणि बिस्किटं खाऊन राहायची. बरोबरीच्या मुली म्हणायच्या, ती शिष्ट आहे, कुणात मिसळत नाही. ‘मुलं मिसळत नाहीत’ अशी तक्रार तुमच्या कानावर येईल तेव्हा आधी फीचं रजिस्टर उघडून बघा. बँकेच्या कर्जासाठी बोनाफाईड आणि फीचं पत्र लागतं, ते मागितल्या दिवशी हातात मिळालं पाहिजे. केंद्राच्या पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं आणि शाखेत कुणी आपणहून सांगत नाही.

आता खोली. प्रवेशाच्या वेळी ‘रूममेट कोण हवी’ असा रकाना फॉर्मवर असतो. पहिल्या वर्षासाठी तो काढून टाका. एकाच शहरातल्या, एकाच कोचिंग क्लासच्या मुली एकत्र राहिल्या की वर्षभर तो कंपू फुटत नाही. पण नुसतं मिसळून टाकूनही चालत नाही. तीन जणींच्या खोलीत दोघी मराठी आणि तिसरी तमिळ असेल तर दोघी रात्री मराठीत बोलत बसतात आणि तिसरी महिन्याभरात दुसऱ्या मजल्यावरच्या तमिळ मुलींकडे झोपायला जाऊ लागते. तिघी तीन भाषांच्या असल्या तर मोडकं-तोडकं हिंदी-इंग्रजी बोलणं तिघींनाही भाग पडतं, आणि तसं बोलण्यातूनच मैत्री होते. चौघींची खोली असेल तर दोन भाषांच्या दोन-दोन. ईशान्येकडची मुलगी मजल्यावर एकटी पडणार नाही एवढी काळजी घ्या. खोली वेगळी असली तरी शेजारच्या खोलीत तिच्या भागातलं कुणीतरी हवं. दुसऱ्या वर्षापासून निवड त्यांची त्यांना करू द्या. खोल्यांची यादी लावताना त्यावर प्रवेशाचा प्रवर्ग किंवा कोटा छापून येत नाही ना, हे स्वतः तपासा. आमच्याकडे एक्सेलच्या फाइलमधला तो रकाना तसाच छापला जायचा.

मेसबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण एकत्र जेवण्याचा प्रश्न महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी वसतिगृहांतूनच हाताळला आहे. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते जाऊन आले, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केलं, त्यात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, आळीपाळीने स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. सरकारी मदतीची वाट न बघता उभं राहिलेलं ते काम होतं, त्यामुळे ‘आम्ही खासगी आहोत, आम्हाला हे परवडत नाही’ असं कुणी म्हणालं की मला हे वसतिगृह आठवतं.

आज पंगत मोडते ती टेबलांवरून. शाकाहारी मुलींसाठी वेगळी भांडी, वेगळे डाव, वेगळा काउंटर द्या. ती त्यांची श्रद्धा आहे आणि ती सांभाळली पाहिजे. पण बसायचं टेबल वेगळं करू नका. एकदा ‘फक्त शाकाहारी’ अशी पाटी टेबलावर लागली की त्यावर कुणी बसायचं आणि कुणी नाही याची उठाठेव सुरू होते, आणि ती पदार्थावरून माणसावर जायला वेळ लागत नाही. चौविहार पाळणाऱ्या, म्हणजे सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन मुलींना सूर्यास्ताआधी गरम जेवण, रमजानमध्ये पहाटे सेहरीचा डबा, एकादशीला साबुदाणा, आणि सोलापूर-लातूरकडच्या मुलींना आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकरी: हे सगळं एकाच स्वयंपाकघरातून होतं, फक्त आदल्या दिवशी आकडा द्यावा लागतो. प्रत्येक मजल्यावर एक पँट्री आणि इंडक्शन शेगडी ठेवा. टांझानियाची मुलगी मक्याच्या पिठाचं उगाली शिजवते, नागालँडची मुलगी आंबवलेल्या सोयाबीनचं काहीतरी करते आणि सगळ्या मजल्यावर वास सुटतो. त्या वासावरून आमच्याकडे लेखी तक्रार आली होती. मी तक्रार करणारीला विचारलं, तुझ्या घरी सुकट भाजतात तेव्हा काय करता? ती कोकणातली होती. पुढच्या रविवारी दोघी एकाच शेगडीपाशी उभ्या होत्या.

भाषेचा एक पदर बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रातल्या इंग्रजी कॅम्पसवर सगळ्यात जास्त बुजते ती मराठी माध्यमातून आलेली मुलगी. आमची गोंदियाकडची एक मुलगी प्रेझेंटेशनला इंग्रजीत अडली, म्हणून सरांनी मराठीत सांगायला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मी वाचून राहिली होती तेव्हा...’’ आणि पुण्या-मुंबईची मराठी मुलंच हसली. ती पुढे सत्रभर वर्गात बोलली नाही. प्राध्यापकांच्या बैठकीत हे विषय काढा: पहिल्या सत्रात व्हायवाचं, म्हणजे तोंडी परीक्षेचं उत्तर मराठीत किंवा हिंदीत चालेल का, ग्रुप प्रोजेक्टचे गट शिक्षकांनी पाडावेत का. आम्ही आणखी एक केलं. बाहेरच्या राज्यांतल्या आणि परदेशी मुलींसाठी संध्याकाळी मराठीचा वर्ग सुरू केला: रिक्षावाल्याशी, डॉक्टरांशी, भाजीवालीशी बोलण्यापुरता. शिकवायला मराठी माध्यमातून आलेल्या मुली. इंग्रजीत मागे पडणाऱ्या मुलीकडे दिल्लीची मुलगी वही घेऊन शंका विचारायला येते, तेव्हा तिचं कॅम्पसमधलं स्थान बदलतं. गोंदियाची ती मुलगी या वर्गात शिकवू लागली आणि तिची मराठी अजूनही तिचीच आहे.

परदेशी मुलांचा पुण्याला जुना अनुभव आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देताना त्यांनी पाहिली. हा मुलगा किती एकटा पडला आहे हे त्यांना तेव्हा उमगलं आणि १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू झालं. आजही परदेशी मुलगा आजारी पडला की तीच वेळ येते. म्हणून प्रत्येकाला एक स्थानिक कुटुंब जोडून द्या, प्राध्यापकांचं किंवा कर्मचाऱ्यांचं. आमचे प्लंबर आणि त्यांची बायको दर वर्षी दोन मुलींना दिवाळीला घरी नेतात आणि त्या मुली परत आल्यावर आठवडाभर त्याबद्दलच बोलत असतात. पोलिसांकडची परदेशी नोंदणी, बँक खातं, सिमकार्ड यासाठी पहिल्या आठवड्यात कुणीतरी बरोबर गेलंच पाहिजे.

गेटवरचा पहारा बघा. ओळखपत्र सगळ्यांचं तपासा किंवा कुणाचंच नको. फक्त आफ्रिकन आणि मणिपुरी मुलांना थांबवलं जातं आणि बाकीचे हात हलवून आत जातात, हे रोज चालू असेल तर बाकी सगळं फुकट. वॉचमन आणि मेसच्या मावशींनाही ओरिएंटेशनला बसवा, कारण नव्या मुलाशी कॅम्पसवर पहिलं बोलणं बहुतेक वेळा त्यांचंच होतं. मुलींच्या वसतिगृहाची वेळ मुलांपेक्षा दोन तास आधीची असेल तर तेही बदलायला लावा. मी त्यासाठी दोन वर्षं भांडले. रॅम्प आणि खालच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह २०१६ च्या दिव्यांग कायद्यानंतर ऐच्छिक राहिलेलं नाही.

तक्रारीचं म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितलेले आहेत. ते कागदावर बहुतेक ठिकाणी असतात, पण मुलांना त्यांचं नाव माहीत नसतं. नाव, खोली क्रमांक आणि मोबाइल प्रत्येक मजल्यावर लावा, शेजारी रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. ज्यांच्या हातात त्या मुलांचे इंटर्नलचे मार्क आहेत अशा विभागप्रमुखांना हे पद देऊ नका. ‘आमच्याकडे जात कुणी विचारत नाही’ असं तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवलं जाईल. जात विचारली जाते: आडनाव विचारून, गाव विचारून, ‘तुला फी माफ कशी झाली गं?’ असं विचारून. तक्रार आली आणि खोली बदलायची वेळ आली तर त्रास देणारीची बदला. तक्रार करणारीलाच सामान उचलायला लावलं की त्या मजल्यावरून पुन्हा कुणी तक्रार करत नाही.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही. तुमच्या जागी असते तर या आठवड्यात मेसच्या कंत्राटाची मुदत कधी संपते ते विचारलं असतं. नव्या कंत्राटात सामाईक टेबलं, सेहरी आणि सूर्यास्ताआधीचं जेवण, आजारी मुलीला खोलीत डबा, आणि सुट्टीत न गेलेल्या मुलींसाठी मेस सुरू ठेवणं, ही चार कलमं आधी घालून घ्या. सही झाल्यावर कंत्राटदार यातलं काहीही वाढवून घेत नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत कॅम्पसवर मागे राहतात त्या नेमक्या दूरच्या आणि भाड्याला पैसे नसलेल्या मुली.