मिसकॅरेजनंतर कंपनी सिक लीव्हच टाकायला सांगते आहे. कायद्यात वेगळी रजा नसते का?

तुम्ही लिहिलंय की दहाव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं, प्रोबेशन अजून संपलेलं नाही, आणि एचआर म्हणते, "इतक्या लवकर झालेल्याला मॅटर्निटी लागू होत नाही, सिक लीव्ह टाका, ती संपली की बिनपगारी." शिवाय ऑफिसात ही गोष्ट षट्कर्णी होऊ नये, असंही तुम्हाला वाटतं.

जे झालं त्याचं फार वाईट वाटलं. अशा दिवसांत तुम्हाला रजेसाठी भांडावं लागतंय, याचा रागही आला. सिक लीव्ह टाकू नका. मिसकॅरेजच्या दुसऱ्या दिवसापासून सहा आठवडे पगारी रजा हा तुमचा हक्क आहे आणि ती सिक लीव्हमधून वळती करता येत नाही. मी कामगार कायद्याची वकिली करते. बाळंतपणाचे २६ आठवडे आता बहुतेकांना ठाऊक असतात, पण हे सहा आठवडे अनेकदा एचआरच्या लोकांनाही माहीत नसतात.

ही रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ९ मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला, तरी ही तरतूद कायम आहे. त्यामुळे "तो कायदा आता रद्द झाला" असं कुणी सांगितलं तर बिचकू नका. दुकान किंवा ऑफिस असेल तर तिथे किमान दहा माणसं कामाला असावी लागतात, एवढी एक गोष्ट बघून घ्या.

"इतक्या लवकर" या म्हणण्याला कायद्यात काही आधार नाही. गर्भधारणेच्या २६ व्या आठवड्यापर्यंत केव्हाही गर्भ पडला तर तो मिसकॅरेजच. वरची मर्यादा घातली आहे, खालची घातलेलीच नाही. सहाव्या आठवड्यात झालं असतं तरी रजा एवढीच मिळाली असती. पैसेही पूर्ण मिळतात: आधीच्या तीन महिन्यांतल्या रोजच्या पगाराची सरासरी काढून. पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जात असेल (म्हणजे साधारणपणे पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल) तर हे पैसे कंपनीऐवजी ईएसआयकडून येतात, आणि दावा तिथे करावा लागतो.

फारसं कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे, या सहा आठवड्यांत मिसकॅरेज झाल्याचं माहीत असताना तुम्हाला कामाला लावायलाच मालकाला मनाई आहे. रजा घ्यायची की नाही हे त्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. "घरूनच जरा मेल बघत जा" हेही माझ्या मते कामच, त्याला नाही म्हणा.

प्रोबेशनची भीती मला समजते. पण हा कायदा कायम आणि तात्पुरती असा भेद करत नाही. दिल्ली महापालिकेत रोजंदारीवर राबणाऱ्या स्त्रियांनाही हे लाभ द्यावे लागतील, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं. या रजेवर असताना किंवा रजेमुळे कामावरून काढणं बेकायदा आहे.

आता गुप्ततेचं. पुरावा द्यावा लागतो, हे खरं. पण पुराव्यासाठी सगळी फाइल, सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड देऊ नका. डॉक्टरांकडून दोन ओळींचं सर्टिफिकेट घ्या: अमुक तारखेला मिसकॅरेज झालं, विश्रांतीची गरज आहे. ते रजा मंजूर करणाऱ्या एकाच व्यक्तीला पाठवा आणि हजेरीच्या सिस्टिममध्ये कारण दिसू नये असं मेलमध्येच लिहा. "आपोआप झालं की करून घेतलं?" असं कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका. कायदेशीररीत्या गर्भपात करून घेतलेल्या बाईलाही हेच सहा आठवडे मिळतात, मग त्या प्रश्नाचं प्रयोजनच काय? (हे वाचणारी कुणी त्या परिस्थितीत असेल तर: सज्ञान स्त्रीला फक्त स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज इतर कुणाला डॉक्टरने तिचं नाव सांगितलं तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.) आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये एकेकाळी पाळीची तारीख, गर्भपात झालाय का, असलं सगळं विचारत. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने काढून टाकायला सांगितलं आणि त्यावरून प्रोबेशनमध्येच काढलेल्या बाईला परत कामावर घ्यायला लावलं.

फोनवर बोलत बसू नका. आजच एक मेल करा: "अमुक तारखेला माझं मिसकॅरेज झालं, सर्टिफिकेट जोडलं आहे. त्या तारखेनंतरचे सहा आठवडे कायद्यानुसार पगारी रजा मिळावी आणि आतापर्यंत वापरलेली सिक लीव्ह परत जमा करावी." बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होतं, कारण लेखी नकार द्यायला कुणी धजावत नाही. तरीही अडवलं तर कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करा. तो चौकशी करून पैसे देण्याचा आदेश देऊ शकतो. सहा आठवड्यांनंतरही रक्तस्राव, अशक्तपणा किंवा मिसकॅरेजमुळे उद्भवलेला दुसरा काही त्रास राहिला तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. तिचा अर्ज वेगळा करायचा, तेव्हा पुढच्या तपासणीला जाल तेव्हाच डॉक्टरांशी त्याबद्दल बोलून ठेवा.