गोड खात नाही, घराण्यात डायबेटिस नाही, तरी उपाशीपोटी साखर ११२. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमधलं टेन्शन कारण असू शकतं का?

असू शकतं. सतत ताणाखाली असलं की कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन चढं राहतं. आता पळायचं किंवा भांडायचंय असं धरून यकृत रक्तात साखर सोडत राहतं आणि तुम्ही मात्र काउंटरमागे हसतमुखाने पाहुण्यांचे पासपोर्ट तपासत उभे! ती साखर वापरणार कोण? शिवाय कॉर्टिसोलमुळे इन्सुलिनचा असर कमी होतो आणि चरबी पोटात साठते. काट्यावर वजन तेवढंच, पण पँटचं बटण लागत नाही, हे त्यातूनच होतं.

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर व्हाइटहॉल-२ नावाचा अभ्यास १९८५ पासून चालू आहे. त्यातले २००६ साली छापून आलेले निष्कर्ष असे: चौदा वर्षांत पुन्हा पुन्हा कामाचा ताण सोसलेल्यांना मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पोट, बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) असं सगळं मिळून बिघडण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त होती.

पण सगळं खापर मॅनेजरवर फोडू नका. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के निघालं, सगळ्या राज्यांत जास्त. एवढं काही एकट्या टेन्शनने होत नाही.

मी गोव्यातच वेर्ण्याला औषध कंपनीत शिफ्टमध्ये आहे. ऑडिट जवळ आलं की मध्यरात्रीनंतर आमच्या कॅन्टीनमध्ये पाव-भजी आणि गोडमिट्ट चहा यांचाच मारा. सकाळी कंपनीच्या बसमध्ये फोंड्यापर्यंत माना टाकून सगळे झोपलेले, घरी गेल्यावर पोरांच्या गडबडीत कशीबशी चार तास झोप. माझ्या मते ताणाचं खरं नुकसान इथूनच होतं. १९९९ च्या एका प्रयोगात धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर तेवढ्यानेही त्यांच्या शरीराला साखर नीट हाताळता येईना.

'टेन्शन घेऊ नका' सांगायला डॉक्टरांचं काय जातं! सीझनमध्ये टेन्शन येणारच. ब्रेक शिफ्ट असेल तर दुपारी मोबाइल लांब ठेवून झोपा. ड्युटी संपवून रात्री अकराला शीत-कडीवर (भात-कालवणावर) ताव मारण्यापेक्षा ड्युटीआधी जेवा, आणि जेवून दहा-पंधरा मिनिटं चाला. चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात. कंबर मोजा: पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमी ही आपल्याकडची मर्यादा.

११२ म्हणजे प्रीडायबेटिसच, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, तो पट्टा १०० ते १२५ चा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) केलं नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ आलं तर अजून सावरता येतं, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. फक्त नाइट ड्युटीवरून थेट लॅबमध्ये जाऊ नका. जागरणाने उपाशीपोटीची साखर चढलेली दिसू शकते. रात्री नीट झोप झाली असेल त्या दिवशी रक्त द्या.