तापली की बंद पडणारी १९९२ ची कास्ट आयर्न बुलेट रोज वापरता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची ३५० सीसी कास्ट आयर्न बुलेट, दारव्हा ते यवतमाळ रोजचं जाणं-येणं. एप्रिल-मेमध्ये २०-२५ किलोमीटर झाले की गाडी बंद पडते आणि अर्ध्या-पाऊण तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. मिस्त्रीने कार्बोरेटर धुतला, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचा गॅप) टाइट केले, आता सीडीआय (पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) लावा म्हणतो.

येईल भाऊ, रोज वापरता येईल. पण सीडीआयचे पैसे सध्या खिशातच ठेवा. एवढ्या मोठ्या इंजिनातून जेमतेम १८ हॉर्सपॉवर, म्हणजे या इंजिनावर मुळात ताणच कमी आहे. पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांवर, ही गाडी वर्षानुवर्षं चालते. ती चालत नाही ती गॅप चुकीचे असल्यामुळे. आणि तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकलं ते "टॅपेट टाइट केले" हे वाक्य.

टॅपेटपासूनच सुरू करा, फुकटचं काम आहे. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. प्लग काढा, गाडी हळूहळू किक मारत कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन टॉपला आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील. ब्लॉकच्या उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण एका नटावर असतं, ते उघडा. ३५० साठी दोन्ही पुशरॉडचा (व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या उभ्या दांड्यांचा) गॅप थंड इंजिनावर शून्य, पण शून्य म्हणजे आवळलेला नव्हे. बोटांनी रॉड गोल फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये. फिरायला जड जात असेल तर तो टाइट आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापला की लांबतो. रॉड आवळलेला असेल तर तो पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, गाडी बंद पडते. थंड झाली की व्हॉल्व्ह पुन्हा बसतो. असंच चालवत राहिलात तर व्हॉल्व्हची सीट जळते आणि मग हेड उतरवावं लागतं. आवाज बंद करायला टॅपेट आवळणारे मिस्त्री गावोगाव आहेत. थोडी टकटक चालेल, आवळलेला व्हॉल्व्ह चालणार नाही. लॉकनट कसल्यावर रॉड परत फिरवून बघा, कसताना गॅप हमखास सरकतो. डिकॉम्प्रेसरच्या (किक सोपी जावी म्हणून कॉम्प्रेशन सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) केबललाही २ मिमी तरी ढील असू द्या. ती ताणलेली असली तर कॉम्प्रेशन तिथूनही जातं.

एवढं करूनही बंद पडली तर ती थंड होऊ देऊ नका. रोग गरम इंजिनातच सापडतो. रस्त्यावर पहिलं काम, हाताने किक दाबून बघा. किक पोकळ लागली तर वरचाच व्हॉल्व्हचा मामला. किक घट्ट अडकली तर पिस्टन पकडतोय. जोर लावू नका, थांबा, आणि घरी येऊन ऑइल व टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बघा. किक नेहमीसारखी लागली तर चावी चालू करा आणि अँपिअर मीटरवर नजर ठेवून किक हळूहळू फिरवा. पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्ये येतो. काटा झुकतच नसेल तर पॉइंट मळलेत, किंवा बॅटरीची वायर वा फ्यूज गेला. मध्ये येतच नसेल तर पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या दाबणारा छोटा भाग) आतून शॉर्ट झालाय. काटा नीट हलतो, तरी गाडी सुरू होत नाही? प्लग काढून कॅप लावा, हेडला टेकवा, किक मारा. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळी, लुळी दिसली तर कंडेन्सर किंवा कॉइल. ही परीक्षा पेट्रोलला हात लावण्याआधी करा, नंतर नाही.

ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा, म्हणजे पेट्रोल पोचत नाही. टाकीचं झाकण उघडा. फुस्स असा आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं छिद्र धुळीने बुजलंय. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही, आणि थांबल्यावर हळूहळू हवा शिरली की गाडी सुरू होते. तुमचं लक्षण यालाही हुबेहूब जुळतं. सुईने छिद्र मोकळं करा. मग कार्बोरेटरचा पाइप काढून धार बघा. थेंब-थेंब येत असेल तर पेट्रोल कॉकची जाळी साफ करा. पाइप सिलिंडरच्या अगदी जवळून जात असेल तर बाजूने वळवा, ४५ अंशांत त्यातलं पेट्रोल उकळायला येतं.

सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, चिकट होतात. ते बदला, एकदाच, चांगल्या दर्जाचे घ्या. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल या इंजिनाला काही देत नाही, कॉम्प्रेशनच कमी आहे. प्लगचा रंग चॉकलेटी हवा. पांढुरका दिसला तर मिश्रण पातळ आहे (पेट्रोल कमी, हवा जास्त), कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या म्हणजे सुई वर येईल.

आता पॉइंट. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, फिलर गेजने मोजून. ब्लेडच्या तुकड्याने नाही. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. मागे पडलेल्या टायमिंगमध्ये पेट्रोल उशिरा जळतं आणि सगळी उष्णता एक्झॉस्टकडे जाते. त्यामुळे "बुलेट तापते" ही तक्रार कित्येकदा टाचेच्या झिजेची असते. टाचेखालच्या कॅमला ग्रीसचा बारीक ठिपका द्या, जास्त दिलं तर उडून पॉइंटवर बसतं. आतली टायमिंग पुढे-मागे करणारी वजनं जुन्या ग्रीसने चिकटली असली तरी हेच होतं: कॅम हाताने फिरवून सोडा, स्प्रिंगने चटकन परतला पाहिजे. टायमिंग ३५० ला असं: ते पूर्ण मागे असताना पिस्टन टॉपच्या ०.८ मिमी आधी आला की पॉइंट उघडायला हवेत, आणि ते नेहमी गॅप ठरवल्यानंतर. उलट क्रमाने केलं तर दोन्ही चुकतात.

कंडेन्सरवर माझं ठाम मत आहे. तो पॉइंटच्या डब्यात, इंजिनाच्या धगीत बसवलेला असतो, आणि बाजारात मिळणारे बरेच नवे कंडेन्सर ती धग सोसत नाहीत. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडत असतील, एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा झाला असेल, तर तो गेला. नवा आणलात की डब्यात बसवूच नका. टाकीखाली कॉइलशेजारी बसवा: त्याची वायर कॉइलच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला आणि बॉडी फ्रेमला, रंग खरवडून पक्की अर्थ. विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी एवढा एक बदल मी कुठल्याही सीडीआयच्या आधी करेन. शिवाय पॉइंट रस्त्याच्या कडेला घासून गाडी घरी आणता येते, बंद पडलेल्या सीडीआयचं तिथे काहीच करता येत नाही.

ऑइल २० डब्ल्यू ५०, साधं मिनरल, दर २,००० किलोमीटरला बदला. आपल्या धुळीत ३,००० ची वाट बघू नका, फिल्टरही त्याच वेळी. लेव्हल मात्र गाडी दोन-चार मिनिटं चालवून मगच बघा. जास्त दिवस उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं, काडीवर कमी दिसतं, लोक वरून ओततात आणि मग धूर निघतो. ऑइल वर चढतंय का ते कळायला हेडकडे जाणाऱ्या पाइपचा बोल्ट चालू इंजिनावर किंचित ढिला करा, तिथून पाझरलं पाहिजे.

एअर फिल्टर आणि कार्बोरेटरमधल्या रबरी नळीला चीर नको. काळ्या मातीची धूळ तिथून गेली की रिंगा खलास. मागच्या चेनला २० ते २५ मिमी खेळ ठेवा. हेडचा आधारपट्टा आणि इंजिनचे बोल्ट महिन्यातून एकदा कसा. पावसाळ्यात गाडी वावराच्या रस्त्याने नेऊ नकाच: चिखल मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं आणि क्लच विनाकारण जळतो.

दुपारी ६० ते ६५ च्या वर नेऊ नका. सोबत कंडेन्सर, पॉइंट सेट, प्लग, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, चेनचं लॉक, फ्यूज, फिलर गेज आणि टॅपेटचे पाने ठेवा.

कागदपत्रांचं राहून जातं म्हणून सांगतो. १५ वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, दर ५ वर्षांनी, गाडी आरटीओत दाखवून. उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावा. गाडी अजून वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात असतील तर हस्तांतरण फॉर्म २९ आणि ३० वर, नसतील तर फॉर्म ३१ वर. ५० वर्षांनंतर मिळणाऱ्या व्हिंटेज नोंदणीच्या मागे मात्र पुढेही लागू नका, त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही.