लंबवर्तुळाकार दीर्घिकांत नवे तारे का जन्मत नाहीत?
कारण बहुतेकींतला थंड वायू जवळजवळ संपलेला असतो. तारा जन्मतो रेणवीय हायड्रोजनच्या ढगात, उणे २६० अंशांच्या आसपास. हे रेणू जुळतात धुळीच्या कणांवर, आणि तीच धूळ अतिनील प्रकाश अडवून त्यांना जपते. सर्पिल दीर्घिकांत हा साठा भरपूर. हा थंड रेणवीय हायड्रोजन स्वतः दिसत नाही. त्याच ढगांतल्या कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटर लहरींवरून त्याचा अंदाज बांधतात. अपवाद आहेत: सेंटॉरस ए लंबवर्तुळाकार, तरी तिच्यात धुळीचा जाड पट्टा आहे, गिळलेल्या दीर्घिकेकडून आलेला.

आम्ही इंदूरची मंडळी मे महिन्यात अमावास्येला जानापावच्या टेकडीवर जातो. मध्यरात्रीनंतर आकाशगंगेच्या मधोमध काळी भेग दिसते. आई म्हणाली, "इथे तारेच नाहीत का रे?" आहेत, धुळीमागे झाकलेले.