फेअरिंगला खाच पाडायची आहे

प्रश्न : गाडीला क्रॅश गार्ड बसवून घेतला. त्याचा क्लॅम्प फेअरिंगच्या, म्हणजे दुचाकीच्या बाहेरच्या प्लास्टिक आवरणाच्या, खालच्या कडेला टेकतो आणि खड्डा आला की कटकट वाजतं. तेवढा भाग कापावा म्हणतो. शेजाऱ्यांकडे ग्राइंडर आहे. त्याच हाताने मागचा लांब मडगार्डही छाटू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : ग्राइंडर शेजाऱ्यांकडेच राहू द्या. मी ती चूक केली आहे. माझ्या पहिल्या गाडीचं साइड पॅनल ग्राइंडरने कापायला घेतलं आणि चकती जाईल तिथे प्लास्टिक वितळून मागे परत चिकटत गेलं. कडेला मेणबत्तीसारखे ओघळ आले ते वेगळेच. एबीएस (हे कडक प्लास्टिक; ब्रेकवालं एबीएस नव्हे) शंभर अंशांच्या थोडं पुढे गेलं की मऊ पडतं, आणि चकतीखाली एवढी उष्णता व्हायला दोन सेकंद पुरतात.

फेअरिंग गाडीवरून उतरवा. थंडीच्या सकाळी ओढाताण केली तर आतले कान, म्हणजे अडकवायचे प्लास्टिकचे खुंट, तुटतात. आधी थोडा वेळ उन्हात ठेवा. मग पाठ बघा. तिथे एबीएस किंवा पीपी (पॉलीप्रॉपिलीन, दुसरं प्लास्टिक) असं कोरलेलं असतं. फेअरिंग बहुधा एबीएसची निघेल.

पुठ्ठ्याचा नमुना कापून क्लॅम्पला लावून बघा. चारही बाजूंनी पाचेक मिलिमीटर मोकळे सोडा, नाहीतर कटकट तशीच राहील. रंगावर मास्किंग टेप लावून त्यावर पेन्सिलने आखा. आता खरी गोम : खाचेच्या आतल्या दोन्ही कोपऱ्यांत आधी ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा, मागे लाकडाचा ठोकळा धरून, ड्रिल सावकाश फिरवून. कोपरा टोकदार राहिला की गाडीच्या थरथरीने तिथूनच तडा जातो. गोल कोपऱ्यातून सहसा जात नाही.

कापायला इंचाला २४ दाते असलेलं हॅक्सॉचं पातं घ्या. एका टोकाला फडकं गुंडाळून नुसतं हातात धरलं तरी चालतं. रेघेच्या एक मिलिमीटर आत कापा, उरलेलं कानशीने. शेवटी कटरचं पातं उभं धरून कड खरवडा, मग २४० आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून फिरवा. सगळं मिळून तासाभराचं काम.

मडगार्डला मात्र हात लावू नका. मागे बसणाऱ्या माणसाचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतला १२३वा नियम सांगतो. शिवाय पावसाळ्यात मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर चिखल उडेल आणि शिव्या तुम्हाला बसतील.

कापलेला तुकडा फेकू नका. पुढेमागे फेअरिंगला तडा गेलाच, तर त्याचा चुरा काचेच्या बाटलीत अॅसिटोनमध्ये रात्रभर भिजवा, खीर होते. तीच आतल्या बाजूने तड्यात भरायची, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास विडी न पेटवता. पाठीवर पीपी लिहिलेलं निघालं तर हा उपाय विसरा. ते अॅसिटोनमध्ये विरघळतच नाही.