"शाब्दिक उदाहरण आलं की हातच थांबतो"

"तिला गणित येतं हो, पण शाब्दिक उदाहरण आलं की हातच थांबतो." सहामाहीचे गुण कळले की ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशन कक्षात हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकते, की त्यामागे दरवेळी निष्काळजीपणाच असेल यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

नववीतल्या एका मुलीचे वडील हीच तक्रार घेऊन आले. ते हिशेबनीस, रोज संध्याकाळी तिला शेजारी बसवत आणि उदाहरण वाचून होताच सांगत, "आधी एक्स मान." ती एक्स लिही आणि तिथेच अडे. तिसऱ्या भेटीत वडिलांना बाहेर बसवून मी तिला विचारले: दोन आणि पाच रुपयांची मिळून 20 नाणी आहेत, रक्कम 64 रुपये आहे, तर पाचची नाणी किती?

बराच वेळ गेला. "मॅडम, चित्र काढलं तर चालेल?"

तिने वीस गोल काढले आणि प्रत्येकात दोन लिहिले. "हे चाळीस झाले, चोवीस उरले. आता एकेका गोलात तीन-तीन वाढवायचे." आठ गोलांत पाच झाले आणि चोवीस संपले. उत्तर अचूक असूनही तिने पानावर हात ठेवला. "ही खरी पद्धत नाही ना?"

मी चित्राशेजारी तिच्याकडूनच दोन समीकरणे लिहवून घेतली: एक्स अधिक वाय बरोबर 20, दोन एक्स अधिक पाच वाय बरोबर 64. पहिल्याला दोनने गुणून दुसऱ्यातून वजा केल्यावर तीन वाय बरोबर 24 उरले. ती थबकली. "हे तेच तीन? मी गोलांत वाढवलेले?" मग हळूच म्हणाली, "म्हणजे दोनने गुणणं म्हणजे सगळ्या गोलांत दोन लिहिणं."

इतकी वर्षे हे काम करूनही अशा क्षणी मला मनापासून समाधान वाटते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हादिम क्रुतेत्स्की यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणितात हुशार मुलांचेही असे भेद नोंदवले होते: कोणी चिन्हांतून विचार करतो, कोणी आकृतीतून, तर कोणाला दोन्ही सारखेच साधते. तिचे वडील चिन्हांतून विचार करणारे होते आणि स्वतःचीच वाट तिला दाखवत होते.

मात्र आईने "म्हणजे ही चित्रवाली" असे म्हणताच मी त्यांना थांबवले. असा शिक्का मुलांना जखडून टाकतो. वीसऐवजी दोन हजार नाणी आली तर गोल पुरणार नाहीत, समीकरणच लागेल. म्हणून सुरुवात मुलाच्या वाटेने करावी, पण त्याला चिन्हांपर्यंत नेऊन पोहोचवावे, असे माझे ठाम मत आहे. वडिलांना मी एवढेच सांगितले, की उदाहरण वाचल्यावर "तुला यात काय दिसलं?" असे विचारा आणि ती बोलेपर्यंत गप्प राहा.

पुढच्या भेटीत त्यांनी वही पुढे केली. वयाच्या उदाहरणाशेजारी तिने एक आखूड आणि एक लांब अशा दोन पट्ट्या काढल्या होत्या, आणि आखूड पट्टीखाली, कोणी न सांगता, एक्स लिहिला होता.