पहिल्यांदाच कथास्पर्धेचं परीक्षण करताय?

बैठकीला जाण्याआधी प्रत्येक कथेचे दहापैकी गुण आणि दोन ओळींचं कारण कागदावर लिहा, अन् तो कागद संयोजकांकडे बंद पाकिटात देऊन टाका. नंतर मत बदललं तर खुशाल बदला, पण जुना आकडा खोडायचा नाही. नवा शेजारी लिहायचा. म्हणजे कथेमुळे कोण हललं आणि अध्यक्षांनी मान डोलावली म्हणून कोण, ते दिसतं.

बोलायची सुरुवात सर्वांत नवख्या परीक्षकाने करावी. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे ‘मलाही तेच वाटलं’वर येतात. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी अमेरिकेत १९५०च्या दशकात एका प्रयोगात गटात बसलेल्या माणसाला नुसत्या रेषांची लांबी ओळखायला सांगितली होती. गटातले बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत होते, तेव्हा साधारण एक तृतीयांश वेळा माणसं त्यांच्यामागे गेली. एकानेही बरोबर उत्तर दिलं की हे प्रमाण पार घसरायचं. तिथे रेषा मोजता येत होत्या. कथा कशाने मोजणार?

खरी गोची बेरजेत आहे. एका कथेला तिघांनी दिलेले ९, ९, २ म्हणजे २०. दुसरीला ७, ७, ७ म्हणजे २१. कुणालाच न खटकलेली कथा पहिली येते. म्हणून गुणांत चार किंवा जास्त फरक असलेल्या कथा आधी घ्या, चहाच्या आधी. दोन देणाऱ्याला अडखळलेला परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. ‘भाषा जमली नाही’ हे कारण धरू नका. कुठलं वाक्य, ते विचारा.

आणि कथांवरची नावं झाकलीत ना?